गच्चीची किल्ली

मे महिना आला की दोन गोष्टी एकदमच गच्चीवर जातात. एक आपलं वाळवण आणि दुसरी आपली मुलं. वाळवणाची काळजी आपण किती घेतो! कावळ्यांसाठी काळं फडकं बांधतो, साडी वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवतो, ढग आले तर हातातला घास टाकून धावतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपला बंदोबस्त ठरलेला. "कठड्याशी जाऊ नका रे!" असं जिन्यातून ओरडायचं, नाहीतर सरळ दाराला कुलूप घालायचं.

आज त्या कुलपाविषयीच थोडं बोलायचं आहे.

आमचा धाकटा चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. कुरडयांचा घाट घातला होता. मी आणि सासूबाई गच्चीत होतो, म्हणजे मुलगा काही एकटा नव्हता बरं का! साडीच्या कोपऱ्यावर वजन म्हणून तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा उपडा ठेवून त्यावर वीट ठेवली होती. साडी कठड्यालगत, म्हणून डबाही कठड्यालगत. खालून बर्फाच्या गोळेवाल्याची घंटा वाजली. मी सोऱ्यात चीक भरत होते. मान वर केली तर चिरंजीव वीट बाजूला सारून डब्यावर चढलेले, पोट कठड्यावर, पाय अधांतरी, आणि खाली वाकून गोळेवाल्याला हाका मारताहेत.

माझ्या तोंडून किंकाळी फुटणार तोच सासूबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. हातातली चाळणी आवाज न करता खाली ठेवली, चार पावलं हळू टाकली आणि मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. नंतर मात्र त्यांचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. "ओरडली असतीस तर दचकला असता," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही गच्चीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कपाटात. जवळजवळ वर्षभर ते कुलूप तसंच होतं. त्या वर्षात काय झालं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. सुट्टीत दिवसभर पोरं घरात. सोफ्यावरून उड्या, भांडणं, आणि शेवटी त्यांना शांत करायला हातात मोबाइल. संध्याकाळी पाचला बाहेर छान वारा सुटलेला आणि आमची मुलं पडदे ओढून पडद्याकडेच बघत बसलेली! रस्त्यावर वाहनं, जवळ मैदान नाही, होतं तेवढं अंगण गाडीनं व्यापलेलं. मोकळी अशी एकच जागा आमच्या मालकीची होती, आणि तिला मी कुलूप लावून बसले होते.

मग आमच्या 'ह्यां'नी कठडा वाढवायचं ठरवलं. गवंडी बोलावला. त्यानं टेप लावून पाहिला, माझ्याकडून सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाला, "वहिनी, कठडा उंचच आहे की. तुमच्या डब्यानं तो बुटका केला."

केवढी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. कठडा साडेतीन फूट, म्हणजे ४२ इंच. डबा १४ इंच. राहिले २८ इंच. चार वर्षांच्या मुलाच्या जेमतेम काखेशी येतील एवढे. हातांवर जोर देऊन पोट वर टाकायला तेवढं पुरे होतं. मुलाला धोक्याशी नेणारी पायरी मीच ठेवली होती, तीही कुरडया उडू नयेत म्हणून!

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारची झोप थोडी बाजूला ठेवा. टेप, खडू आणि एक सोललेला नारळ घेऊन माझ्याबरोबर गच्चीत चला. नारळ कशाला, ते सांगते पुढे.

कठडा : आजच्या फरशीपासून मोजा

'नॅशनल बिल्डिंग कोड' नावाचे बांधकामाचे जे नियम आहेत, त्यांत गच्चीच्या कठड्याची उंची निदान १ मीटर, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित जास्त, सांगितलेली आहे. घर बांधताना बहुतेकांचा कठडा तेवढा असतो. पण पुढे गच्ची गळायला लागते. मग आपण त्यावर कोबा करतो, आणखी काही वर्षांनी चायना मोझॅकच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी घालतो. दर वेळी जमीन वर येते. अशा दोन दुरुस्त्यांत चार-सहा इंच सहज जातात. कठडा तिथेच राहतो, पण मुलाच्या दृष्टीनं तो खाली गेलेला असतो. म्हणून नकाशातली उंची विसरा आणि आजच्या फरशीपासून मोजा. कमी भरली तर वर लोखंडी गजांचा कठडा बसवून घ्या. मुलं लहान असतील तर एकूण चार फूट केलेली बरी.

गज बसवताना दोन गोष्टी लोहाराला ठणकावून सांगा. एक, गज उभे हवेत. आडवे गज दिसायला छान दिसतात, पण मुलांसाठी ती शिडीच होते. दुसरी, दोन गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी हवी. लहान मुलाचं अंग फटीतून निघतं आणि डोकं अडकतं, हा मोठा धोका. आता तो नारळ घ्या. मध्यम आकाराचा सोललेला नारळ तुमच्या गजांतून किंवा सिमेंटच्या जाळीतून पलीकडे जात असेल, तर फट मोठी आहे असं समजा. नारळ हातात घट्ट धरूनच बघा हं, खाली रस्ता आहे!

पूर्वीच्या घरांना सिमेंटची नक्षीदार जाळी असते. तिच्या भोकांत मुलांच्या पायाची बोटं अगदी नेमकी बसतात. अशा जाळीला आतल्या बाजूनं गुळगुळीत पत्रा किंवा जाड प्लॅस्टिकचा तक्ता स्क्रूनं लावून घ्या. पत्र्याच्या कडा दुमडून घ्यायला विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. कठड्यापासून आत तीन फूट मोजा आणि खडूनं रेघ मारा. त्या तीन फुटांत चढता येईल अशी एकही वस्तू ठेवायची नाही. कुंड्या, मोडकी खुर्ची, धुण्याचा दगड, रंगाचे रिकामे डबे, पाहुण्यांसाठी ठेवलेली खाट, एसीचं बाहेरचं मशीन, पाण्याच्या नळाचा आडवा पाइप. तुमच्या गच्चीत यांतलं काय काय आहे ते पाहा. कुंड्या तर आपण हटकून कठड्यालगतच मांडतो, कारण तिथे ऊन मिळतं आणि मधली जागा मोकळी राहते. कठड्यावर ठेवलेली कुंडी तर दुहेरी वाईट. ती वाऱ्यानं खाली कुणाच्या डोक्यात पडू शकते. सगळ्या कुंड्या जिन्याच्या खोलीच्या भिंतीशी हलवा. पाइप हलवता येत नसेल तर त्यावर उतरता सिमेंटचा थर घालून घ्या, म्हणजे पाय ठरणार नाही.

ती खडूची रेघ पुढे ऑइलपेंटनं पक्की करा. आमच्याकडे तिला 'लक्ष्मणरेषा' म्हणतात. मुलांना "कठड्याशी जाऊ नका" म्हटलं की कठडा कुठे सुरू होतो, यावरच वाद चालतो. रेघ असली की वाद मिटतो.

आणि एक गोष्ट आपल्या मोठ्यांसाठी. संध्याकाळी गार वाऱ्याला म्हणून कठड्यावर बसून फोनवर बोलणारे बाबा, काका आणि ताई तुमच्याही घरात असतील. ते बसले की दहा वर्षांचा मुलगा बसणार, आणि त्याचं पाहून पाच वर्षांचा. कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता करून घेतला तर बसताच येत नाही. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे.

पाणी : बादलीसुद्धा खोलच असते

गच्चीवरच्या टाकीला झाकण असतं. पण ते नीट बसतं का? उन्हानं प्लॅस्टिकचं झाकण वाकतं, माकडं ते काढून फेकतात, टाकी धुणारा माणूस ते तसंच तिरकं ठेवून जातो. झाकणाला भोक पाडून तार आणि छोटं कुलूप लावा. टाकीला लोखंडी शिडी असेल तर तिच्या खालच्या चार-पाच पायऱ्यांवर पत्रा बांधून टाका, किंवा शिडी सुटीच ठेवा. अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण तर मोठ्या माणसालाही एका हातानं उचलता येऊ नये, असं जड आणि कुलूपबंद हवं.

आपल्याला भीती वाटते ती टाकीची आणि हौदाची. बादली आणि टबाची वाटत नाही. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकलं की ते डोक्यावरच आत जातं आणि त्याला परत वर येता येत नाही. चार-सहा इंच पाणीही त्याला पुरे होतं, आणि असं मूल आवाजही करत नाही. कपडे पिळून झाले की बादली उपडी, टब उपडा. झाडांसाठी पाणी साठवायचं असेल तर झाकणाच्या पिंपात. शिवाय डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस सगळी भांडी, कुंडीखालच्या थाळ्या आणि पक्ष्यांचं पाणी ओतून, घासून कोरडं करायचा ठेवा. एकाच कामात दोन धोके जातात.

विजेच्या तारा आणि पतंग

गावात घरं जवळजवळ झाली आणि विजेच्या तारा काही ठिकाणी अगदी गच्चीच्या हाताशी आल्या. अशी तार असेल तर वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घेऊन ठेवा. काम होईपर्यंत त्या बाजूची गच्ची मुलांसाठी बंदच समजा. तारेत अडकलेला पतंग काढायला लोखंडी सळई किंवा पडद्याचा रॉड घेऊन मुलं धावतात. "अडकलेला पतंग विजेचा, तो आपला नाही," हे वाक्य संक्रांतीच्या आधी दहादा वदवून घ्या.

पतंग उडवताना डोळे आभाळात असतात आणि पाय मागे मागे जात असतात. अपघात होतात ते यामुळेच. तेव्हा पतंगाच्या वेळी एक मोठं माणूस फक्त पायांकडे बघायला हवंच, आणि टाकीवर किंवा जिन्याच्या पत्र्यावर चढून पतंग उडवायचा नाही. नायलॉनचा मांजा घरात आणू नका. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं त्यावर देशभर बंदी घातलेली आहे. तो पक्ष्यांचे पंख कापतो आणि दुचाकीवरच्या माणसाचा गळासुद्धा. साध्या सुती दोऱ्यानंही पतंग छान उडतो.

कपडे धुण्याचं यंत्र गच्चीत असेल तर त्याचं बटण उंचावर आणि पावसाच्या आड हवं. करंट गळाला तर आपोआप बंद होणारा जो स्विच असतो, ज्याला इलेक्ट्रिशियन 'आरसीसीबी' म्हणतात, तो घराच्या मेनबोर्डवर आहे का ते विचारा. नसेल तर बसवून घ्या.

आणि वळिवाचे ढग गडगडू लागले की खेळ अर्धा असला तरी खाली. गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, मग वर. वाळवण भिजलं तर भिजू दे, पण ते उचलायला मुलांना पाठवू नका.

पायाखाली काय आहे?

उन्हाळ्यात कोबा इतका तापतो की पावलं पोळतात. माझी साधी परीक्षा अशी. हाताची मागची बाजू फरशीवर टेकवा आणि पाच अंक मोजा. तेवढा वेळ हात ठेववत नसेल तर अनवाणी पाऊलही ठेववणार नाही. साधारणपणे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, ही मुलांची वेळ. कुणाचा पाय पोळलाच तर त्यावर टूथपेस्ट, शाई, तूप यांतलं काहीही लावू नका. वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. पण उन्हात तापलेल्या पाइपचं पहिलं पाणीही कढत असतं, ते आधी जाऊ द्या.

पावसाळ्यात शेवाळ. पाऊस पडायच्या आधीच पाणी जाण्याची भोकं मोकळी करा. पाणी साचलं नाही तर शेवाळ निम्म्यानं कमी होतं. उरलेलं ब्लीचिंग पावडर टाकून, अर्ध्या तासानं खराट्यानं घासून काढा. त्या वेळी मुलं खाली, आणि पावडरीत फिनेल किंवा ॲसिड काही मिसळायचं नाही. त्यातून विषारी वाफ निघते. चायना मोझॅकचे तुकडे निघाले असतील तर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. हात फिरवून पाहा आणि पांढऱ्या सिमेंटनं भरून घ्या.

कपड्यांच्या दोऱ्या मुलांच्या गळ्याशी येतील अशा बांधू नका. पळताना त्या दिसत नाहीत. सहा फुटांच्या वर, किंवा कपडे काढले की दोरीही काढायची.

आता झाडं. तांबडी आणि पिवळी कण्हेर, धोतरा, एरंड, मोगली एरंड, गुंज ही मुलांच्या हाताशी नकोत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं मजेत खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. गुंजा तर किती गोड दिसतात, पण चावून खाल्ल्या तर फार विषारी. असं काही पोटात गेलं तर घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ते पान किंवा बी पिशवीत घालून मुलासकट तडक दवाखाना गाठा.

आता खेळाकडे वळू या

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, "त्यापेक्षा कुलूपच बरं!" नाही हो. ही सगळी कामं एका रविवारची आणि फार तर गवंड्या-लोहाराच्या दोन दिवसांची. त्यानंतर ही गच्ची मुलांची. आणि जिथे खेळायला काही आहे, तिथली मुलं कठड्याकडे कमी जातात, हे मी अनुभवानं सांगते. कठडा हा कंटाळलेल्या मुलाचा खेळ असतो.

गच्चीच्या मधोमध ऑइलपेंटनं लंगडीची घरं आखा. शेजारी मोठ्ठी सापशिडी काढा. एका घरात एक मूल उभं राहील एवढी. फासा पुठ्ठ्याच्या खोक्याचा, सोंगट्या म्हणजे मुलं स्वतःच. साप गिळला की शेपटीपर्यंत सरपटत जायचं! आमच्या गल्लीतली मुलं यावर तासन् तास रमतात. चेंडूचा खेळ मात्र गच्चीत नको. चेंडू खाली गेला की त्याच्यामागे डोकं जातं.

वाळूचा हौद सगळ्या लहानांना हवाच असतो. परसदार असेल तर खुशाल विटा लावून करा. गच्चीत करताना मात्र वजनाचा विचार हवा. चार फूट बाय चार फूट जागेत अर्धा फूट वाळू म्हटली तर ती साडेतीनशे किलोंच्या घरात जाते, ओली झाली की आणखी जड. त्यापेक्षा जुना पसरट टब किंवा दोन मोठी घमेली घ्या. वाळू चाळून, धुऊन घाला आणि रात्री झाकून ठेवा, नाहीतर मांजरं तिचा वेगळाच उपयोग करतात. पाण्याचं तसंच. एक घनफूट पाणी सुमारे २८ किलो भरतं. बाजारात मिळणारा फुगवायचा हौद गच्चीत भरण्याआधी हा गुणाकार करून पाहा! मग्गे, गाळण्या, नरसाळं आणि अर्धी बादली पाणी एवढ्यावरही मुलं तितकीच भिजतात. तुम्ही शेजारी बसायचं आणि खेळ संपला की पाणी कुंड्यांना घालायचं.

जिन्याच्या खोलीच्या सावलीत भातुकलीचा कोपरा करा. जुन्या साडीचा तंबू ठोका. दोरीचे फास मोकळे लोंबत राहणार नाहीत एवढं पाहा. झोपाळा टांगायचा तर कडी स्लॅबमध्ये पक्की केलेली हवी, टाकीच्या पाइपाला कधीही नाही, आणि झोका कठड्याच्या दिशेनं जाता कामा नये. पुढे-मागे सहा-सहा फूट मोकळी जागा आणि खाली जुनी गादी.

प्रत्येक मुलाला एक कुंडी द्या, त्याच्या नावाची. मेथी पेरायला सांगा. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि तीनेक आठवड्यांत भाजी खुडता येते. घरात मेथीला नाक मुरडणारी मुलं स्वतः खुडलेली मेथी कशी मिटक्या मारत खातात, ते बघाच.

आणखी एक गंमत मे महिन्यातच करता येते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कोल्हापूरकडे ६-७ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपूरकडे २६ मेच्या आसपास हे घडतं. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. पुण्या-मुंबईकडे साडेबाराच्या सुमारास, नागपूरकडे बारा वाजून दहा मिनिटांनी, एक उभं तांब्या-फुलपात्र किंवा डबा सपाट जागेवर ठेवा. पायांत चपला, डोक्याला टोपी, आणि फक्त दहा मिनिटं. सावली आक्रसत आक्रसत भांड्याखाली नाहीशी होते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. शाळेत वाचलेलं कर्कवृत्त एकदम आपल्या गच्चीवर येतं.

आणि रात्री? मे महिन्यात जेवणं आटोपली की अंथरुणं घेऊन वर जा. उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवली की ध्रुव सापडतो. तो एकदा सापडला की मुलांना रोज शोधावासा वाटतो. झोपायचं असेल तर मुलं मधे, मोठी माणसं कडेला, आणि जिन्याच्या दाराला आतून कडी. झोपेत चालणारं मूल असेल तर मात्र खालीच झोपा.

ज्यांची गच्ची सगळ्यांची आहे

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या भगिनी म्हणतील, आमची गच्ची सोसायटीची आणि किल्ली सेक्रेटरींकडे. मग मीटिंगला फक्त ह्यांना पाठवू नका, स्वतः जा. "मुलांना गच्ची द्या" एवढंच म्हणून भागणार नाही, कारण कुणीही जबाबदारी घ्यायला कचरतं. त्याऐवजी लिहून न्या. कठड्याची उंची एवढी, टाकीच्या झाकणांना कुलूप, वेळ साडेपाच ते सात, आणि रोज दोन आया आळीपाळीनं वर. आठ घरं असली तर आठवड्यातून एखाद-दोनदाच पाळी येते. त्या वेळेत फोन पिशवीत. गच्चीत दहा बायका असतात तेव्हा प्रत्येकीला वाटतं की दुसरी बघतेय, आणि कुणीच बघत नसतं. म्हणून पाळी कुणाची ते ठरलेलं असावं.

आणि तरीही काही झालंच तर? मूल पडलं आणि शुद्धीत नसेल, मान दुखते म्हणत असेल, किंवा हात-पाय हलवत नसेल, तर त्याला उचलून उभं करू नका. जिथे आहे तिथे, मान न हलवता ठेवा आणि १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागल्यावर मूल पुन्हा पुन्हा ओकलं, गुंगीत जाऊ लागलं, तर वरून जखम दिसत नसली तरी दवाखाना. मूल कुठे उंचावर चढलेलं दिसलं तर माझ्या सासूबाईंची चार पावलं आठवा. ओरडायचं नाही, हळू जायचं, मागून कमरेला धरायचं. रागवायला मग सबंध संध्याकाळ असते.

कपाटाच्या दारावर चिकटवण्यासाठी

१. कठड्याची उंची आजच्या फरशीपासून, दर दुरुस्तीनंतर पुन्हा मोजावी.
२. कठड्यापासून तीन फुटांत चढण्याजोगी वस्तू नसावी.
३. गज उभे, फट चार इंचांहून कमी.
४. टाकीला कुलूप, बादली उपडी.
५. गडगडाट ऐकला की खाली.
६. सहा वर्षांखालचं मूल गच्चीत एकटं कधीही नाही. वयानं मोठं भावंड म्हणजे मोठं माणूस नव्हे.

गवंडी येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीचं कुलूप काढलं. वाळवणाची साडी आता गच्चीच्या मधोमध असते आणि कोपऱ्यांवर डब्यांऐवजी चार पाटे-वरवंट्यांचे तुकडे. धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. मागच्या सुट्टीत त्याची आत्या आली होती. तिनं सहज म्हणून आपली सूटकेस कठड्याशी टेकवून ठेवली. तिचा छोटा तिच्याकडे धावला, तसा आमचा खेळ सोडून आला, सूटकेस ओढत रेघेच्या आत आणली आणि म्हणाला, "आत्या, तिथे ठेवलीस की कठडा बुटका होतो."

सासूबाई कुरडया घालत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सोऱ्या फिरवायला लागल्या.

गच्चीची किल्ली आता दाराशेजारच्या खिळ्यावरच असते. जरा उंचावर, एवढंच.